ठणठणीत रोगी!

मराठी शिकवताना ‘अवलक्षणी’ माणसे पुष्कळ भेटली. ‘लक्षणहीन’ रोगी मात्र २०२० साली प्रथम भेटला. त्या जुलैतील टाळेबंदीनंतर आमच्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, दुकानदारांची करोना-तपासणी झाली. गल्ल्यावर हसतमुख बसणारी धडधाकट माणसेही बाधित निघाली!

त्याच महिन्यात मुंबईच्या तीन प्रभागांत ६,९३६ जणांचे रक्त तपासले. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के, इतरत्र १६ टक्के लोकांच्या रक्तात विषाणू येऊन गेल्याची खूण सापडली. पुष्कळांना त्याचा पत्ताही नव्हता. सगळेच लक्षणहीन नव्हेत हो. पुढे जगभरच्या पाहण्यांतून अदमास निघाला तो साधारण एकतृतीयांशाचा.

पण तेवढ्यानेही घरोघरी पंचाईत केली. खोकणाऱ्या पाहुण्याला दारातूनच वाटेला लावता येते. खिदळणाऱ्या नातवाला आजीच्या कुशीतून उठवायचे कुणी?