तापलेले इंजिन आणि इंजेक्टरची नियंत्रक पेटी

मोरिवलीच्या आसपास भातखाचरांची चिखलणी आता पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टरनेच होते. सकाळी नीट चाललेले इंजिन दुपारच्या विसाव्यानंतर सुरू होत नाही, मात्र निवल्यावर आपोआप सुरू होते, अशी तक्रार आल्यास पंप खोलण्याची घाई करू नये. प्रथम डिझेल, फिल्टर व बॅटरीचे जोड तपासावेत. ते ठीक असल्यास इंजेक्टरच्या नियंत्रक पेटीकडे पाहावे. चिखलणी अडली की लावणी लांबते, रोपे जून होतात व उत्पन्न घटते.

जुन्या इंजिनात ही पेटी नसतेच; तेथे पंप व गव्हर्नर डिझेलचे माप ठरवितात. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले, आणि अशा अनेक इंजिनांत हे काम इलेक्ट्रॉनिक पेटीकडे आले.

उष्णता या पेटीचा शत्रू आहे. जनरल मोटर्सच्या ६.५ लिटर डिझेल इंजिनावर १९९४ पासून ती इंजेक्शन पंपाच्या अंगावरच बसविली जात असे. वाहत्या डिझेलने तिला थंडावा मिळे; इंजिन थांबले की प्रवाह थांबे आणि इंजिनाची धग पेटीत शिरे. त्यामुळे अनेक मालकांनी ती पाकळ्यांच्या जाड ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर बसवून, लांब तारेने पुढे वाऱ्यात नेली.

आपल्याकडे मात्र ही नक्कल सरसकट करू नये, असे माझे मत आहे. खाचरात ट्रॅक्टरचा पुढचा भाग चिखलाने माखतो. शिवाय तार वाढविल्याने जोड वाढतात, व नव्या ट्रॅक्टरची हमीही जाऊ शकते. पेटी हलविणे भागच पडले, तर ते काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे. जागा सायलेन्सरपासून दूर, पाण्याच्या वर व हादरे कमी असलेली असावी. पेटी व ठोकळा यांमध्ये उष्णतावाहक लेपाचा पातळ थर द्यावा. जोड पाणबंद करावेत व अर्थिंगची तार पक्की बांधावी.

बहुतेकांना एवढे करण्याची गरज पडणार नाही. पेटीवर वाळलेला चिखल गोधडीसारखी ऊब धरतो. तो ओल्या फडक्याने पुसावा, जोराच्या फवाऱ्याने धुऊ नये. रेडिएटरच्या जाळीतील पेंढा रोज काढावा. भारी काम संपल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटे मंद चालवून मगच बंद करावे, व उभा ट्रॅक्टर सावलीत ठेवून बॉनेट उघडावे. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करावयाचे झाल्यास बॅटरीबरोबर पेटीचेही जोड आधी सोडवून ठेवावेत.