अठ्ठेचाळीस व्होल्ट म्हणजे किती? विजेच्या सायकलची बॅटरी आणि कंट्रोलर
(भांडगाव येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने बॅटरीवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण आमच्या विषयात एक जुनी सवय असते. कोणी शब्द वापरला की विचारायचं, बाबा, याचा अर्थ काय? दुकानदार म्हणतो, 'अठ्ठेचाळीस व्होल्टची बॅटरी आहे.' तर अठ्ठेचाळीस म्हणजे नेमकं किती?

लिथियम-आयनचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्टचा. असे १३ सेल एकामागे एक जोडले की साधारण ४७ व्होल्ट होतात, त्यालाच बाजारात ४८ म्हणतात. पण पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टवर असतो, म्हणजे तीच बॅटरी सकाळी ५४.६ व्होल्ट देते. संध्याकाळी उतरत उतरत ४० च्या आसपास येते. म्हणजे ४८ हे तिचं नाव आहे, मोजमाप नव्हे. नाव आणि वस्तू एकच मानली की घोटाळा होतो. इथे तो पैशाचा होतो, कधी आगीचाही.

हाच हिशोब ३६ व्होल्टला लावा. १० सेल, भरल्यावर ४२ व्होल्ट. ५२ ची म्हणतात तिच्यात १४ सेल, भरल्यावर ५८.८.

आता कंट्रोलर. बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये बसलेली ही पेटी. तिला दोन्ही बाजूंनी मर्यादा असते. खालची अशी, की व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की ती पुरवठा तोडते. ४८ च्या कंट्रोलरमध्ये हा आकडा बहुधा ४० ते ४२ च्या आसपास. म्हणून ३६ ची बॅटरी त्याला लावली, तर काठोकाठ भरलेली असूनही कंट्रोलर तिला रिकामी समजतो. नुकसान काही नाही, गाडी हलत नाही एवढंच. वरची मर्यादा मात्र माफ करत नाही. ४८ च्या कित्येक कंट्रोलरमध्ये ६३ व्होल्टचे कपॅसिटर असतात. जास्त वेग मिळेल म्हणून कोणी ६० ची बॅटरी लावली, तर १६ सेलची असली तरी ती भरल्यावर ६७.२ देते. कपॅसिटर फुटतो, कंट्रोलर जळतो. मोटर त्या मानाने सोशिक, तिला व्होल्ट थोडे वाढलेले चालतात. फक्त ती जास्त वेगाने फिरते. म्हणून जोडी आधी बॅटरी-कंट्रोलरची जमवायची.

मग ३६ घ्यावी की ४८? आपण शेतीची माणसं, पाण्याने समजून घेऊ. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची, अँपिअर म्हणजे पाइपातून वाहणारं पाणी. दोघांचा गुणाकार म्हणजे वॅट. समजा चढावर ७५० वॅट लागले. ३६ ला जवळपास २१ अँपिअर ओढावे लागतात, ४८ ला साडेपंधरा. तारेतली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच तारेत ३६ वर पावणेदोन पटींहून थोडी जास्तच. यवतहून भुलेश्वरचा चढ दुधाचे कॅन लावून चढायचा असेल, तर ४८ बरी. सपाट रस्त्याने पाटस-केडगाव करणाऱ्याला ३६ पुरते.

अंतराचा मात्र व्होल्टशी थेट संबंध नाही. इथे लोक हमखास फसतात. ३६ व्होल्ट २० अँपिअर-तास आणि ४८ व्होल्ट १५ अँपिअर-तास, गुणाकार दोन्हींचा ७२० वॅट-तास. सपाटीवर पायडल न मारता किलोमीटरला मोघम १५ वॅट-तास धरले, तर दोन्ही पन्नासच्या अलीकडेच थांबणार. तेव्हा भाव विचारताना वॅट-तासाचा विचारा.

आणखी एक आकडा बॅटरीच्या आत लपलेला असतो. बीएमएस, म्हणजे सेलची राखण करणारं सर्किट, किती अँपिअर सोडतं? कंट्रोलर ३० मागणारा आणि बीएमएस २० ला तोडणारा असेल, तर ऐन चढावर गाडी बंद पडते आणि माणूस मोटरला शिव्या देतो. कारखान्याची रात्रपाळी संपवून हायवेने परतणाऱ्यासाठी ही गंमत नाही. बॅटरीचा आकडा कंट्रोलरपेक्षा मोठा हवा.

आपल्याकडे हे प्रयोग नवे नाहीत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी १९९० च्या दशकातच विजेवर चालणाऱ्या रिक्षेवर काम केलं. तेव्हा बॅटऱ्या शिशाच्या, १२ व्होल्टच्या. शिशाची वजनदार पण समजायला सोपी. चार जोडल्या की ४८.

वेगाचा मोह असणाऱ्या तरुणांना कायद्याचंही सांगतो. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, तरच तिला मोटार वाहनाच्या नोंदणीतून सूट आहे. व्होल्ट वाढवून ४० ने पळवलीत, तर ती कायद्याच्या नजरेत सायकल राहत नाही. अपघात झाला की हा प्रश्न पहिला निघतो.

शेवटी चार्जर. हल्ली लोहयुक्त, म्हणजे एलएफपी बॅटऱ्याही मिळतात. त्यांचा सेल ३.२ चा, १६ सेलची बॅटरीही ४८ च्याच नावाने विकली जाते आणि तिचा चार्जर ५८.४ व्होल्ट देतो. प्लग तोच, नाव तेच. हा चार्जर १३ सेलच्या बॅटरीला लावला, तर प्रत्येक सेलवर जवळपास साडेचार व्होल्टचा दाब येतो. बीएमएस धड असला तर तोडेल, नसला तर आग. घरात दोन गाड्या असतील, तर आजच प्रत्येक चार्जरवरचा आउटपुटचा आकडा वाचा आणि ज्या बॅटरीचा तो आहे तिच्यावर त्याच रंगाची चिकटपट्टी लावा. रात्री अंधारात चार्जर पोरंच लावतात.