संशय खोटा, भीती खरी

"शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात," असे स्किझोफ्रेनियाचा रुग्ण सांगतो, तेव्हा घरचे वाद तरी घालतात, नाहीतर होला हो करतात. मला दोन्ही गैर वाटते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स रुग्णाच्या जागी उभे राहून ऐकायला सांगत. "तुला फार भीती वाटते ना?" एवढेच विचारावे. संशय खोटा असला तरी भीती खरीच असते. रुग्ण बोलतच नसेल, तर गॅरी प्राउटी यांची रीत वापरावी: "तू खिडकीकडे पाहतोस," असे दिसेल ते शांतपणे सांगावे. औषधे मात्र थांबवू नयेत.

रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवणारे डॉ. भरत वाटवानी (मॅगसेसे पुरस्कार, २०१८) यांचे 'श्रद्धा' केंद्र आपल्या कर्जतलाच आहे. खालापूर-कर्जतच्या कुटुंबांना 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत सल्ला मिळतो.