तारेखाली एक सूत

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की शहर मागे पडलं असं वाटेपर्यंत बीरगांव येतं. नावात गाव, कारभार नगर निगमचा. लागूनच उरला औद्योगिक क्षेत्र, पुढे सिलतरा. रोलिंग मिल, स्पंज आयर्न, फेरो अलॉय आणि इंडक्शन भट्ट्या यांचा हा पट्टा. इंडक्शन भट्टीत ज्वाला नसते. पाणी खेळवलेल्या तांब्याच्या जाड नळीचं वेटोळं, त्यातून जाणारा उलटसुलट प्रवाह आणि आत भंगार व स्पंज आयर्न. फॅरेडेने 1831 साली दाखवलेल्या नियमावर ही भट्टी चालते, आणि बास गिटारच्या तारांखाली बसवलेला पिकअपही त्याच नियमावर. भट्टीत वेटोळ्यातला प्रवाह बदलतो आणि लोखंडात वीज उमटते. पिकअपमध्ये लोखंडाची तार हलते आणि वेटोळ्यात वीज उमटते. भट्टीच्या नळीचे वेढे बोटांवर मोजता येतात. पिकअपची तांब्याची तार मात्र केसासारखी बारीक, सुमारे 0.06 मिलिमीटरची, आणि वेढे दहा हजारांच्या घरात.

लिओ फेंडरने 1951 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनहून प्रिसिजन बास बाजारात आणला, तेव्हा त्यात एकच साधा पिकअप होता. त्याआधी पंधराएक वर्षं सिॲटलच्या पॉल टटमार्कने विजेवर चालणारा फ्रेटवाला बास बनवला होता, पण तो चालला नाही. प्रिसिजनचा पिकअप 1957 मध्ये दोन तुकड्यांत विभागला गेला. जाड तारांखाली एक तुकडा, बारीक तारांखाली दुसरा. तोच आज बहुतेक जण ओळखतात. जॅझ बास 1960 चा, दोन पिकअपचा. आपल्याकडच्या चित्रपटसंगीतात हे वाद्य रुजवण्यात गोव्याकडच्या वादकांचा हात मोठा. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ हे त्यातलं ठळक नाव. पुढे ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’मुळे जगभर पोहोचलेले चरणजित सिंगही स्टुडिओत बास वाजवत.

या सगळ्या बासमध्ये पिकअपच्या कडेला दोन-चार स्क्रू असतात आणि बहुतेक वादक त्यांना वर्षानुवर्षं हात लावत नाहीत. आवाज बसला, एक तार दबली, सूर मळका येतोय, की आधी ॲम्पची बटणं, मग नवी केबल, मग नवा पिकअप. मला विचाराल तर या सगळ्या खरेदीआधी पाव आटा फिरवून बघावा. पिकअपची उंची हा या वाद्याचा पहिला टोन कंट्रोल आहे, फक्त त्याला नॉब नाही.

फेंडर कंपनी आपल्या जुन्या धाटणीच्या बाससाठी सांगते ते माप असं: तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि तारेच्या खालच्या कडेपासून चुंबकाच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजायचं. जाड ई तारेकडे 8/64 इंच, बारीक जी तारेकडे 6/64 इंच. हे आकडे बघून घाबरायचं कारण नाही. सुतार आणि फिटर यांच्या भाषेत ते एक सूत आणि पाऊण सूत. ई तार जाड, तिच्यात लोखंड जास्त, ती हेलकावेही मोठे घेते, म्हणून तिला जास्त जागा.

मोजायला स्टीलची पट्टी घेऊ नये. पिकअपमधले उभे दांडे म्हणजेच चुंबक, बहुधा ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाच्या मिश्रधातूचे. पट्टी खेचली जाते आणि माप चुकतं. हल्लीचं रुपयाचं नाणंही पोलादी, तेही चिकटून बसतं. मुदत संपलेली एटीएम कार्डं मात्र उत्तम. एका कार्डाची जाडी 0.76 मिलिमीटर, म्हणजे चार कार्डांची चळत जवळपास एक सूत, आणि तीन कार्डं पाऊण सुताला जराशी कमी. चालू कार्ड वापरू नये, चुंबकाशेजारी त्याची काळी पट्टी बिघडू शकते.

पिकअप तारेजवळ नेला की आवाज वाढतो, आणि अंतर कमी होईल तसा फार झपाट्याने वाढतो. म्हणून हातात स्क्रू ड्रायव्हर आलेला माणूस सहसा वर, आणखी वर असंच फिरवत जातो. पण चुंबक फक्त ऐकत नाही, तो तार ओढतोही. फार जवळ आला की तारेची कंपनं बिघडतात, सूर मरतो, एकाच स्वरात दोन स्वर एकमेकांशी भांडल्यासारखी थरथर येते. ई तारेवर वरच्या फ्रेटना हे आधी कळतं, कारण तिथे दाबल्यावर तार पिकअपच्या आणखी जवळ जाते. अशा वेळी लोक ब्रिजचे सॅडल मागेपुढे करत बसतात. सॅडलचा काही दोष नसतो. आणि जोरात वाजवणाऱ्याची तार दांड्यावर आपटून ‘टक’ असा आवाज येतो तो वेगळाच. उलट पिकअप फार खाली गेला तर आवाज गोल होतो, पण दुबळा. मग ॲम्प वाढवावा लागतो, आणि ॲम्प वाढवला की भुणभुणही वाढते.

या भुणभुणीपाशी थांबायला हवं, कारण उंचीचा खरा हिशोब इथेच आहे. आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्‌झ. बासच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी 49 हर्ट्‌झचा, आणि मोकळी जी तार 98 हर्ट्‌झची. विजेच्या भुणभुणीत 50 बरोबर 100 चाही अंश असतो. म्हणजे दोन्ही आवाज बासच्या स्वरांना खेटून उभे. साउंडवाल्याने मिक्सरवर ते कापायला घेतले तर सोबत बासचं अंगही जातं. उरलासारख्या औद्योगिक भागात मोठ्या मोटारी, वेल्डिंग सेट आणि मंडपातलं भरवशाचं नसलेलं अर्थिंग यांच्या शेजारी वाजवायचं असेल, तर हा प्रश्न कागदावरचा राहत नाही.

जॅझ बासमध्ये यावर तोडगा आहे. त्याचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले, चुंबकांची दिशाही उलट. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असतील तर तारेचा आवाज एकमेकांत मिळतो आणि भुणभुण एकमेकीला खोडते. अडचण अशी की ब्रिजजवळ तार कमी हलते, त्यामुळे मागचा पिकअप पुढच्यापेक्षा नेहमी हळू बोलतो. वादक काय करतो? पुढचा नॉब थोडा उतरवून दोन्ही सारखे करतो. तेवढ्याने खोडाखोड बिघडते आणि भुणभुण परत येते.

आता उंचीकडे बघा. भुणभुण वेटोळं भोवतालच्या हवेतून थेट उचलतं, तिला तारेशी देणंघेणं नाही. पिकअप तारेजवळ गेला काय आणि लांब राहिला काय, भुणभुण तेवढीच. वाढतो किंवा घटतो तो फक्त तारेचा आवाज. म्हणून दोन पिकअपचा तोल नॉबने नव्हे, स्क्रूने जमवायचा: पुढचा थोडा खाली, मागचा थोडा वर, आणि दोन्ही नॉब कायम पूर्ण उघडे. तारेचा तोलही साधतो आणि खोडाखोडही शाबूत राहते. इतकी साधी गोष्ट बास विकत देताना क्वचितच कुणी सांगतं.

प्रिसिजनमध्ये दोन तुकडे मिळूनच भुणभुण खोडतात, तिथे हा प्रश्न नाही. तिथली गंमत वेगळी. फ्रेटबोर्डला जराशी गोलाई असते, तारा त्या गोलाईने चालतात, पण पिकअपचा माथा सपाट. जॅझचा लांबलचक पिकअप एकदा तिरका केला की मधल्या दोन तारांना मिळेल ते घ्यावं लागतं, कारण चुंबकाचे दांडे वेगवेगळे वरखाली होत नाहीत. प्रिसिजनचे दोन तुकडे मात्र आपापल्या तिरकेपणाने लावता येतात. ए आणि डी तारांची कुरकुर तिथे लवकर मिटते.

प्रत्यक्ष काम हळूच करायचं. या दोन्ही प्रकारांत स्क्रू लाकडात जातो, म्हणून घट्ट केला की पिकअप खाली जातो, सैल केला की खालचा फोम त्याला वर ढकलतो. जुन्या बासमध्ये स्क्रू सैल करूनही पिकअप जागचा हलत नाही, तेव्हा समजावं की फोम दबून मेला आहे. गादीच्या दुकानातला घट्ट फोमचा तुकडा कापून घातला की काम होतं. ड्रायव्हर घसरू देऊ नये. ती केसासारखी तार एका जागी तुटली की पूर्ण वेटोळं मुकं होतं. पाव आटा फिरवायचा, ॲम्पचे सगळे टोन मधोमध ठेवून चारी तारा एकाच जोराने वाजवायच्या, मोकळ्या आणि बाराव्या फ्रेटवर. मग पुन्हा पाव आटा. कार्डांची चळत सुरुवातीपुरती, पुढचं कानाने. बोटांनी वाजवणारा आणि अंगठ्याने फटके मारणारा यांची उंची एक नसतेच.

आणि हे सगळं सर्वांत शेवटी. आधी ट्रस रॉडने नेकचा वाक, मग सॅडलने तारांची उंची, मग पिकअप. रायपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात लावलेला बास श्रावणातल्या दमट हवेत तसाच राहत नाही. लाकूड हलतं, तारा वरखाली होतात, आणि पिकअपपासूनचं अंतर आपोआप बदलतं. तारांचा जाड संच बदलून बारीक घातला तरी तेच. तेव्हा मुदत संपलेली चार कार्डं बासच्या बॅगेतच ठेवून द्यावीत.