भादव्यातली लग्नं, पौषातली शाळा

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला लागला की जळगावच्या पिंप्राळ्यात काय आणि धुळ्याच्या देवपुरात काय, गल्लोगल्ली एकच बातमी फिरते: "जिन्याखाली कुत्री व्याली!" हिशेब सोपा आहे. गावठी कुत्र्यांची लगीनसराई भादव्यात, कुत्रीचे दिवस साधारण ६३, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात पाळणा हलणारच. दुकानातली परदेशी जातीची पिल्लं बारा महिने मिळतात, त्यांना पंचांग लागत नाही. गावठी पिल्लाचं शाळेचं वय मात्र नेमकं खानदेशच्या थंडीत येतं. आपल्याकडचा मे महिना ज्याने काढलाय त्याला हा योग किती मोठा ते सांगायला नको. पिल्लाला बाहेरच्या जगात वावरायला शिकवायचं तर याच तीन महिन्यांत. त्यासाठी या काही गमतीच्या आणि कामाच्या गोष्टी.

प्रवेशाची शेवटची तारीख

पिल्लू जन्मतं ते आंधळं आणि बहिरं. डोळे दोनेक आठवड्यांनी उघडतात, कान त्यानंतर थोड्याच दिवसांत. तिसऱ्या आठवड्यापासून ते जगाची नोंद घेऊ लागतं: हे आपलं, हे परकं, हे बिनधोक, हे भीतीचं. अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी वर्षानुवर्षं पिल्लं पाहिली आणि १९६५ च्या पुस्तकात सगळं मांडलं. ही नोंदवही तिसऱ्या आठवड्याला उघडते आणि बाराव्या-चौदाव्या आठवड्याच्या सुमाराला मिटत जाते. १९६१ च्या एका प्रयोगात तर काही पिल्लं चौदा आठवडे माणसाच्या सहवासाविना वाढवली होती. नंतर कितीही लाड केले तरी ती रानटीच राहिली.

म्हणजे पिल्लाला 'बस' आणि 'हात दे' पुढेही शिकवता येतं. जग दाखवायचं मात्र आत्ताच. काठी टेकत येणारे आप्पा, डोक्यावर पदर घेतलेली आजी, हेल्मेट घातलेला पार्सलवाला, भंगारवाल्याची हाक, केळीचे घड भरलेला ट्रक, बैलजोडी, छत्री, रांगतं मूल. रोज दोन-तीन नव्या ओळखी पुरतात. एकाच दिवशी अख्खं फुले मार्केट फिरवून आणणं म्हणजे शिक्षण नव्हे, छळ.

एक पथ्य आहे. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. चावा किती जोरात घ्यायचा आणि कुठे थांबायचं, हे आई आणि भावंडंच शिकवतात. ती शिकवणी चुकली की पुढे आपल्या पोटऱ्या फी भरतात.

मग लसीचं काय?

पार्व्हो हा पिल्लांचा काळ. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि मातीत महिनोन्महिने तग धरतो. म्हणून डॉक्टर सांगतात, लसी पुऱ्या होईपर्यंत बाहेर सोडू नका. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यात. पण सोळा आठवडे घरात कोंडलं तर वरची नोंदवही मिटलेली असते! या पेचावर अमेरिकेतल्या पशुवर्तनाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २००८ मध्ये स्पष्टच सांगितलं: पहिली लस आणि जंताचं औषध झाल्यावर आठवडाभराने, स्वच्छ जागी, पिल्लाला लोकांत न्यायला लागा.

आपल्याकडे यावर जुनाच उपाय आहे, तो म्हणजे कडेवर घेणं. बाजाराच्या पिशवीत पिल्लू, डोकं बाहेर, आणि मेहरूण तलावाच्या काठावर सकाळी अर्धा तास. पाय जमिनीला लागत नाहीत, डोळे-कान-नाक मात्र कामाला लागतात. फिरायला आलेल्यांपैकी निम्मे आपसूक थांबतात, "किती महिन्याचा रे भाऊ?" विचारतात आणि डोक्यावरून हात फिरवतात. फुकटचे मास्तर.

रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाबाबत एक गोष्ट गमतीवर नेऊ नका. दात लागला, ओरखडा उठला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पिल्लू कितीही गोंडस असलं तरी.

आवाज आधी, खाऊ नंतर

आपले कान २०,००० हर्ट्झपर्यंतच्या कंपनांना दाद देतात, कुत्र्याचे ४०,००० च्या पुढे. त्यामुळे लग्नाचा डीजे आपल्या छातीत वाजतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय होत असेल याची कल्पना करा. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे रस्ते येऊन मिळतात. जळगाव-भुसावळच्या लोकांना तर रेल्वेची शिट्टी ऐकू येणंच बंद झालंय. पिल्लाला ती ऐकू येते.

युक्ती अंतराची आहे. रुळांपासून इतकं लांब उभं राहा की पिल्लू नुसते कान टवकारेल, शेपूट पायात घालणार नाही. गाडी धडधडली की लगेच खाऊ. गाडी गेली, खाऊ बंद. काही दिवसांनी चार पावलं पुढे. क्रम मात्र उलटवू नका. आवाज आधी, खाऊ नंतर. याच क्रमामुळे इव्हान पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना लाळ सुटायची. गंमत अशी की पाव्हलॉव्हला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेच्या कामासाठी. ज्याच्यासाठी त्याला जग ओळखतं, त्यासाठी नव्हे.

पिल्लू घाबरलं हे भुंकण्याआधीच कळतं. झोप आलेली नसताना जांभई, समोर खाणं नसताना जिभल्या चाटणं, अंग कोरडं असताना पाणी झटकल्यासारखं झटकणं. यातलं काही दिसलं की चार पावलं मागे.

आणि हो, दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार लागतो. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात हे खरं असलं तरी आपलं दहा आठवड्यांचं पिल्लू त्या गर्दीत न्यायची गरज नाही. त्याचा नमस्कार घरूनच पोचतो.

भरीत पार्टीतला पाहुणा

थंडीतल्या खानदेशात शेतावरची भरीत पार्टी चुकत नाही. वांगी काट्याकुट्यांच्या जाळावर भाजली जातात, बडगीत मिरच्या-लसूण ठेचला जातो, कळण्याच्या भाकरी थापल्या जातात. पिल्लासाठी यापेक्षा चांगला वर्ग नाही: धूर, जाळ, दहा-बारा अनोळखी माणसं, पोरांची पळापळ. फक्त ताटापासून त्याला लांब ठेवा. कांदा, लसूण आणि पातीचा कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. म्हणजे भरीत, शेवभाजी, फौजदारी डाळ सगळं बाद. चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणेही विषासमान.

मग खाऊ काय द्यायचा? जळगावकराला हे विचारावं लागतं हेच नवल. केळी! २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं केळं पिल्लाला थोडं दिलेलं चालतं. तुकडा वाटाण्याएवढा, साल अजिबात नाही. ज्वारीच्या भाकरीचे कोरडे बारीक तुकडेही उत्तम. खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये, नाहीतर महिनाभरात शाळेऐवजी ढेरीची चर्चा सुरू होते.

केळ्यावरून आठवलं. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग नीट दिसतो, लाल-हिरव्यात त्याची गल्लत होते. हिरवळीवर लाल चेंडू फेकून "आण, आण" ओरडणारा माणूस म्हणून दिसतो हुशार, पण असतो उलटा. कोलकात्याच्या आयसरमधल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे रंगीत वाट्या ठेवून पाहिल्या, तर कुत्र्यांची धाव पिवळीकडे जास्त. २०२५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. चेंडू पिवळा घ्या.

शेतावर आणखी दोन धोके. कपाशीवर फवारणी झालेली असेल तर त्या वावरात पिल्लू सोडू नका, ते आधी चाटतं आणि मग विचार करतं. आणि धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणात फिरून आलात तर बोटांच्या बेचक्यात आणि कानांत कुसळं तपासा. कुसळ एकदा कातडीत शिरलं की पुढेच सरकत जातं. गोचिडीही याच तपासणीत सापडतात.

बोट दाखवा, तो बघेल

गावठी कुत्र्याला अक्कल कमी, हा आपल्याकडचा जुना गैरसमज. आयसर कोलकात्याच्याच अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या प्रौढ कुत्र्यांपुढे दोन झाकलेली भांडी ठेवली आणि एकाकडे बोट दाखवलं. कुठलंही प्रशिक्षण नाही, ओळखदेख नाही. निम्मी कुत्री जवळ आलीच नाहीत, माणसाचा अनुभव दुसरं काय. जी आली त्यांतल्या जवळजवळ ८० टक्क्यांनी बोटाचा इशारा बरोबर पाळला. याच गटाचा आधीचा निष्कर्ष तर आणखी गोड आहे: अनोळखी माणसावर विश्वास बसायला खाऊपेक्षा डोक्यावरून फिरलेला हात जास्त उपयोगी पडतो.

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा

शू-शीचं वेळापत्रक सोपं आहे: झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर ताबडतोब बाहेर, रोज त्याच जागी. जमलं की तिथल्या तिथे कौतुक, घरी येऊन नव्हे. तोवर ते विसरलेलं असतं.

पण बसण्याआधी ते गोल गोल फिरतं, ते कशासाठी? झेक आणि जर्मन संशोधकांनी दोन वर्षं ३७ जातींच्या ७० कुत्र्यांचं हे खाजगी काम टिपून ठेवलं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्री उत्तर-दक्षिण बसणं पसंत करतात, असं त्यांना दिसलं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचं २०१४ चं इग् नोबेल या कामाला मिळालं, ते न मिळतं तरच नवल. जळगावात दिशा पाहायला होकायंत्रसुद्धा लागत नाही, एका बाजूला सातपुडा, दुसऱ्या बाजूला अजिंठ्याचा डोंगर. उद्या सकाळी बघा.

एक पिल्लू, पाच मास्तर

घरोघरचं दृश्य: बाबा म्हणतात 'सीट', आई म्हणते 'बस रे राजा', धाकटा 'बैठ' ओरडतो, आणि आजी अहिराणीत 'आठे ये' म्हणून बोलावते. पिल्लू यातलं एकच ऐकतं, आजीचं, कारण तिच्या हातात भाकरी असते. कुत्र्याला भाषा कुठलीही चालते. शब्द एक हवा आणि तो सगळ्यांचा एकच हवा. अहिराणीच ठेवा, काही बिघडत नाही.

बरोबर केल्याची पावती त्या क्षणालाच मिळाली पाहिजे. अमेरिकेत ब्रेलंड दांपत्याने १९४० च्या दशकात यासाठी 'टिक्' वाजणारं छोटं खेळणं वापरायला सुरुवात केली. पुढे डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी ते कुत्रेवाल्यांत लोकप्रिय केलं. आज ते ऑनलाइन विकत मिळतं. आपल्याकडे गाडीवान बैलांसाठी जिभेने टाळूवर जो 'टक्' काढतो, तो इथेही चालतो आणि घरी विसरत नाही.

धडा पाच मिनिटांचा, आणि मग झोप. पिल्लू दिवसात अठरा-वीस तास झोपतं. त्याला आळशी म्हणू नका. बुडापेस्टच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की शिकल्यानंतरच्या झोपेत कुत्र्याचा मेंदू धडा पक्का करतो. दुपारची वामकुक्षी म्हणजे गृहपाठ!

नाकाचे खेळही फार स्वस्तात होतात. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबई पोलिसांच्या झंजीर नावाच्या लॅब्राडोरने ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकून दिलं. तो पुण्याच्या शिवाजीनगरच्या प्रशिक्षण केंद्रात शिकलेला. अशा कुत्र्यांसाठी शोध हा खेळच असतो, सापडलं की बक्षीस. अंगणात तीन कुंड्यांमागे केळ्याचा तुकडा लपवा, दहा मिनिटांत पिल्लू अर्ध्या तासाच्या भटकंतीइतकं दमतं.

आखाजीच्या आत

चैत्र लागला की शाळेची वेळ बदलते. हवा ४४ अंशांवर गेली की उन्हातलं डांबर साठीच्या वर सहज जातं. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांतून, आणि आपण त्याच गाद्या तव्यावर ठेवतो. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. नाही टेकवता आली तर फेरी रद्द. सकाळी सहाच्या आत नाहीतर रात्री जेवणानंतर. धापा थांबत नाहीत, जीभ लालभडक झाली, चाल लडखडली तर साध्या गार पाण्याने भिजवत भिजवत दवाखान्यात.

तोवर कार्तिकातलं पिल्लू सहा महिन्यांचं झालेलं असतं. २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के येण्याचं काम संपत आलेलं असतं, आणि हिरड्यांच्या खाजेला चामड्यासारखं औषध नाही. आखाजीला माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात, दारात चपलांचे ढीग लागतात. ओला पंचा पिळून, बर्फात गार करून त्याच्यापुढे टाका आणि पाहुण्यांच्या चपला फळीवर. नव्या चपला सगळ्यात वरच्या फळीवर.