पदवी न मागणाऱ्यांचं कॉलेज

अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज आपल्याला माहीत असतं ते काटकसरीची वाट म्हणून. बे एरियातल्या कित्येक मराठी घरांत मूल बारावीला आलं की हिशेब मांडला जातो: पहिली दोन वर्षं इथे स्वस्तात करायची, मग मोठ्या विद्यापीठात दाखल व्हायचं. संपादकांनाही याच वाटेवर लेख हवा होता. पण सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोचा इतिहास वाचत गेले आणि मन दुसरीकडेच गुंतलं. इथून पुढे कुठेही न जाणारी माणसं मला जास्त महत्त्वाची वाटू लागली. साठी उलटल्यावर इंग्रजीची मुळाक्षरं गिरवणारी आजी, नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करणारा हॉटेलातला स्वयंपाकी, दिवसभर राबून रात्रीच्या वर्गाला येणारी आई. यांना पदवी नकोच असते. आणि अशांना दार उघडं ठेवणं दिवसेंदिवस किती अवघड होत चाललं आहे, हे या कॉलेजकडे पाहून कळतं.

इलिनॉयमधल्या जोलिएटला 1901 साली जे सुरू झालं, ते या जातीचं अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक कॉलेज. सॅन फ्रान्सिस्कोत ही कल्पना रुजली 1935 मध्ये, महामंदीच्या ऐन काळात. तरुणांना नोकऱ्या नव्हत्या आणि विद्यापीठाची फी परवडत नव्हती. शहराच्या शिक्षणखात्यातले अधिकारी आर्चिबाल्ड क्लाउड पहिले अध्यक्ष झाले. इमारत नव्हती, म्हणून शहरभर मिळेल तिथे वर्ग भरत, आणि एक तास संपला की पोरं ट्रॉली पकडून दुसऱ्या तासाला पळत. ‘ट्रॉली कॉलेज’ हे नाव त्यावरूनच पडलं. 1940 मध्ये ओशन अव्हेन्यूच्या टेकडीवर विज्ञानभवन उभं राहिलं, त्या परिसरात पूर्वी तुरुंग होता. आराखडा टिमथी फ्लूगर यांचा.

याच फ्लूगरनी मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराला बोलावून घेतलं. त्या उन्हाळ्यात ट्रेझर आयलंडवर भव्य प्रदर्शन भरलं होतं, आणि तिथे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत रिव्हेरा ओल्या गिलाव्यावर भित्तिचित्र रंगवत होता: 22 फूट उंच, 74 फूट लांब, 10 तुकड्यांत. मधोमध एक विलक्षण आकृती आहे. अर्धं अंग ॲझ्टेकांच्या कोआत्लिक्वे देवीचं, अर्धं मोटारीचे पत्रे ठोकणाऱ्या यंत्राचं. बाजूला त्याची चित्रकार पत्नी फ्रिडा काहलो. आकाशातून सूर मारणारी एक तरुणी आहे, ती हेलन सेर्लेन्कोविच, याच कॉलेजची विद्यार्थिनी. चित्र कॉलेजच्या नव्या ग्रंथालयासाठी होतं. युद्ध आलं, ग्रंथालय राहून गेलं, 1946 मध्ये फ्लूगर गेले आणि चित्र खोक्यांत बंद पडलं. 1961 मध्ये ते नाट्यगृहाच्या दालनात लागलं खरं, पण दालन इतकं अरुंद की मागे सरून सगळं चित्र एका नजरेत घेता येत नसे. 2021 मध्ये हे सुमारे 30 टनांचं काम सुटं करून शहरातल्या आधुनिक कला संग्रहालयात नेलं. तिथलं प्रदर्शन 2024 मध्ये संपलं. नव्या जागेसाठी मतदारांनी 2020 मध्येच 84.5 कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली आहे, पण त्या पैशांवर इतर इमारतींचाही हक्क आहे.

कॉलेज मात्र वाढत राहिलं. 1960 मध्ये कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाची त्रिस्तरीय योजना आखली आणि ज्याला यायचं त्याने यावं, हा तळचा मजला कम्युनिटी कॉलेजांकडे दिला. फी नव्हतीच. ती आली 1984 मध्ये, मालमत्ता करावर मर्यादा घालणाऱ्या 1978च्या जनमतानंतर सरकारी तिजोरी आटू लागली तेव्हा. मिशन भागात, चायनाटाउनमध्ये केंद्रं उघडली. विमानतळावर विमानदुरुस्ती शिकवली जाऊ लागली. 1989 मध्ये समलिंगी समाजाच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग देशात सर्वांत आधी सुरू झाला तो इथेच. शहरात जो नवा माणूस येई, ज्याला कुणी विचारत नसे, त्याच्यासाठी इथे एखादा वर्ग निघे. मला हे कॉलेज मोठं वाटतं ते यासाठी.

आता पैशांचं यंत्र पाहा. राज्य अनुदान देतं ते माणसं मोजून नव्हे, तास मोजून. 525 तास भरले की एक ‘पूर्णवेळ विद्यार्थी’. आठवड्याला 5 तास असे 17 आठवडे इंग्रजी शिकणाऱ्या आजीचे होतात 85 तास. म्हणजे अशा सहा आज्या मिळून कागदावर जेमतेम एक विद्यार्थी. या सहाही जणींची नावं नोंदवायची, त्यांच्या अडचणी ऐकायच्या, त्यांना त्यांच्या घराजवळ वर्ग द्यायचा. 2018 मध्ये राज्याने सूत्र बदलून पदव्या, प्रमाणपत्रं आणि विद्यापीठात गेलेल्यांची संख्याही अनुदानाला जोडली. आजीच्या खात्यात यातलं काहीच जमा होत नाही.

त्याआधीच मोठा घाव बसला होता. अमेरिकेत कॉलेजांना मान्यता देणारा आयोग खासगी असतो. आपल्या नॅकने श्रेणी खाली आणली तर नाचक्की होते, तिथे मान्यता गेली तर केंद्राची विद्यार्थी-मदत थांबते आणि कॉलेज प्रत्यक्षात बंदच पडतं. जुलै 2012 मध्ये आयोगाने कारणे दाखवा म्हटलं. मुख्य आक्षेप कारभारावर आणि तुटपुंज्या गंगाजळीवर होते, शिकवण्यावर नव्हते. वर्षभराने आयोगाने 31 जुलै 2014 पासून मान्यता रद्द करायचं ठरवलं. निवडून आलेल्या विश्वस्तांचे अधिकार काढून राज्याने विशेष विश्वस्त नेमला. शहराचे वकील डेनिस हरेरा कोर्टात गेले, जानेवारी 2014 मध्ये स्थगिती मिळाली, पुढे आयोगानेच नियम मोडल्याचं कोर्टाने म्हटलं आणि 2017 मध्ये सात वर्षांसाठी पूर्ण मान्यता परत आली. पण ‘कॉलेज बंद होणार’ ही बातमी पाच वर्षं शहरभर फिरत होती. सुमारे 90,000 विद्यार्थ्यांतले जवळजवळ एक तृतीयांश तोवर गळाले, आणि तास घटले तसं अनुदानही घटलं.

2017 मध्येच शहराने महागड्या मालमत्तांच्या विक्रीवरचा कर वाढवून रहिवाशांना फी माफ केली. हे धाडस इतर शहरांनी करून दाखवावं. पण फी माफ झाली तरी वर्ग चालवायचा खर्च उरतोच. मे 2022 मध्ये विश्वस्तांनी 38 पूर्णवेळ प्राध्यापकांना कमी केलं. अर्धवेळ शिक्षक तर न बोलताच गेले. इंग्रजी शिकवणाऱ्या विभागालाही झळ लागली, आणि घराजवळचा वर्ग रद्द झाला की आजी दुसरं कॉलेज शोधत बसत नाही, ती घरीच राहते.

त्याच नोव्हेंबरात मतदान झालं. कॉलेजसाठी नवा मालमत्ता कर मागणारा ठराव शहराने मोठ्या फरकाने फेटाळला आणि कपात करणाऱ्या मंडळातले तीन विद्यमान विश्वस्त त्याच मतपत्रिकेवर पाडले. शिक्षक परत हवेत, पण त्यांच्या पगारासाठी जादा कर नको, असा हा कौल. नव्या मंडळाने काम सुरू केलं ते या दोन निकालांच्या मध्ये उभं राहून.