स्फुरद शेतात हवा, रक्तात साठू नये



सुरू उसाला हेक्टरी ११५ किलो स्फुरद द्या, असे आम्ही बांधाबांधावर सांगत असतो. चाकण भागात ऊस नोंदीला फिरताना डायलिसिसवर असलेल्या एका सभासदाने रिपोर्ट पुढे केला नि विचारले, "साहेब, यातला फॉस्फरस म्हणजे आपल्या खतातलाच का?"

तोच. दूध, डाळी, मटण, धान्य यांतून रोज साधारण एक ग्रॅम पोटात जातो. जादा झालेला मूत्रपिंडे लघवीवाटे काढतात. ती निकामी झाली की तो रक्तात साठतो. मग अंगाला खाज सुटते, हाडे कमकुवत होतात आणि ठिबकच्या नळीत क्षार धरावा तसा रक्तवाहिन्यांत चुना धरतो.

मशीन तो काढते, पण पुरता नाही. चार तासांत ८०० ते १००० मिलिग्रॅमच्या आसपास निघतो. आठवड्याला तीन पाळ्या धरल्या तरी जमेपेक्षा खर्च कमीच पडतो. रक्तातला स्फुरद पहिल्या तास-दोन तासांत झरझर उतरतो, पण पेशींत नि हाडांत मुरलेला सावकाश पाझरत राहतो. विहीर उपसली तरी झरे चालूच, तसे. म्हणून मोटर जास्त वेळ चालायला हवी. चाकण चौकातली कोंडी चुकवायची म्हणून अर्धा तास आधीच मशीन काढायला लावणारे आम्हाला भेटलेत. हा अर्धा तास फार महागात पडतो.

दुसरा उपाय गोळीचा. कारखान्यात रसात चुना घालतात. रसातला स्फुरद चुन्याला धरून गाळ होतो, खाली बसतो, रस निवळतो. कॅल्शियमची गोळी पोटात हेच काम करते आणि गाळ शौचावाटे जातो. म्हणून ती जेवतानाच घ्यायची. उपाशीपोटी घेतली तर धरायला स्फुरदच नसतो. काहींना कॅल्शियम नसलेली सेव्हेलामरची गोळी देतात. कोणती नि किती, हे डॉक्टरच ठरवतील. (पानाचा चुना चालेल का, असेही एकाने विचारले. चालणार नाही!)

डाळीतला स्फुरद निम्माशिम्माच अंगी लागतो. काळ्या कोलातला आणि पाकीटबंद खाण्यात मिसळलेला मात्र बहुतेक सगळा.

डायलिसिसला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळतो. रेशनकार्ड व आधार घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. आणि ऊसतोडीच्या दिवशीच डायलिसिसची पाळी येत असेल तर ती चुकवू नका. गट कार्यालयात आधी कळवा, तोडीची तारीख आम्ही मागेपुढे करू.